इंजनाचा सांडवा

मनसारामची गाडी गावात आहे की बाहेर गेली आहे, हे सावरटोल्यात कुणाला विचारावं लागत नसे. रस्त्याकडे पाहिलं की कळायचं. धुळीत काळे ठिपके पडलेले असत. लांब लांब असले तर गाडी मजेत गेली. जवळ जवळ असले तर चढावर दमली. आणि भाकरीएवढा डाग दिसला तर तिथे थांबून मनसारामनं कुणाशी तरी घटकाभर गप्पा हाणल्या. त्याच्या बायकोला, कुंताला, हे ठिपके अक्षरांसारखे वाचता यायचे. डोक्यावर पाण्याचा गुंड, कडेवर आठ महिन्यांची सोमारी, अशी ती विहिरीवरून यायची आणि लेकीला वाचून दाखवायची, "हे पाह्य, तुहा बाप इथी थांबला. पानठेल्यापाशी. आन मले म्हने, घाई हाय!"

सासूला, मनकर्णाबाईंना, या अक्षरांचं काडीचं कौतुक नव्हतं. अंगणात गाडी उभी राहायची ती जागा काळीकुट्ट झाली होती. तिथे सडा धरत नव्हता की सारवण टिकत नव्हतं. "माही नात वर्साची नाई झाली, तरी इतकी ओली नाई करत," त्या म्हणायच्या. "मनसाऱ्या, लंगोट बांध ना तुह्या गाडीले!"

गाडी लढाईतली होती. मनसारामही लढाईतलाच. आसामच्या बाजूला फौजेच्या गाड्यांवर तो आधी पुसापुशी करायला लागला आणि परत आला तेव्हा पक्का ड्रायव्हर झाला होता. मग आलापल्लीच्या जंगलात एका ठेकेदाराचा लाकडाचा ट्रक चालवू लागला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कुंताला नवरा दोनदा दिसला. एकदा पोळ्याला आणि एकदा त्याला ताप आला तेव्हा. ताप उतरू नये असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि मग स्वतःचीच लाज वाटली होती.

मागच्या उन्हाळ्यात तो फौजेच्या भंगारातून ही व्हॅन घेऊन आला. मूळचा रंग कुठला, हे गाडीलाही आठवत नसावं. पण सावरटोला ढिवरांचं, मासोळी धरणाऱ्यांचं गाव. गावाला मोठा तलाव, तलावात रोहू आणि मरळ, आणि नागभीडचं स्टेशन नऊ कोस लांब. बैलबंडीतून मासोळी तिथे पोचेपर्यंत डोळे पांढरे करायची. मनसारामची गाडी मात्र पहाटे निघाली की नागपूरच्या छोट्या आगगाडीला मासोळी चढवून तो दुपारच्या जेवणाला घरी असायचा. रोज. पाटावर बसलेला, समोर दिसणारा, मीठ कमी आहे म्हणणारा नवरा. कुंताला ते मीठ कमी असणंसुद्धा गोड वाटायचं. सोमारी तर गाडीचा आवाज लांबून आला की पाठीवर पडल्या पडल्या दोन्ही पाय झाडायला लागायची.

आणि आता हे सगळं ठिपक्या-ठिपक्यानं गळून चाललं होतं.

महिन्याभरात दोनदा गाडी वाटेत बसली. तेल गळून संपायचं, इंजन तापायचं, आणि थंड होईपर्यंत टोपल्यांतली मासोळी उन्हात जायची. दोन्ही वेळा गावच्या कावळ्यांची चंगळ झाली. मग मुखरूभाऊ आले. जाळ्यावरच्या सगळ्या माणसांत वडील, बोलायला मऊ. ओट्यावर बसून त्यांनी बिडी पेटवली.

"मनसाराम, तू आपला लेक हायेस. तुह्यासाठी आमी थांबू. पन मासोळी कोनासाठी थांबत नाई."

"खरं हाय, भाऊ."

"रविवारी मोठं जाळं हाय. तलाव आटत आला. वर्साची मासोळी एका सकाळी निघते. तेवढी पोचवली तं काम तुहं, पुढं कोनी बोलनार नाई. आन यावेळी रस्त्यात बसला, तं आमी आपल्या बंड्या जुपतो बाप्पा."

त्याच आठवड्यात ठेकेदाराचा माणूस पत्रू येऊन गेला. ट्रकवर कायमचा ड्रायव्हर नाही, तोवर पत्रूच कसाबसा चालवतो; रविवारी दुपारी ट्रक सावरटोल्यावरून आलापल्लीला जाणार, मनसारामनं बसून यावं. "दोन महिन्यांतून एक खेप घरी येशीनच ना," पत्रू म्हणाला. मनसाराम म्हणाला, "पाह्यतो." आत चुलीपाशी कुंतानं तो 'पाह्यतो' ऐकला आणि वांग्याची भाजी करपवली.

शनिवारी सकाळी मनसाराम पाना घेऊन गाडीखाली शिरला. चार दिवस तो हेच करत होता. इंजनाच्या बुडाला तेलाची पेटी असते, तिला तो चेंबर म्हणायचा. तेल तिथूनच टपकताना दिसे, म्हणून त्याच्या मते गळती तिथलीच. त्यानं चेंबरचे बोल्ट आवळले, उघडले, नवं पॅकिंग बसवलं, पुन्हा आवळले. तासाभरानं टप्. टप्. त्याच्या कपाळावरच.

कुंतानं मोहाच्या फांदीला झोळी बांधून सोमारीला निजवलं होतं. एका हातानं झोळीची दोरी ओढत ती गाडीखालून निघालेल्या दोन पायांशी बोलत होती.

"अवो, बाहेर या ना जरा."

"काऊन?"

"तेल खाली दिसते म्हनून भोक खालीच असन, असं कोनं सांगतलं तुमाले?"

पायांनी टाचा रोवल्या. मग मनसाराम सरपटत बाहेर आला. तोंडावर तेलाचे ओघळ; डोळे तेवढे पांढरे. "तू कवा शिकली वो मोटार?"

"मोटार नाई शिकली. पाळ शिकली."

कुंताचे वडील, इस्तारी, नाल्यापलीकडच्या मोहटोल्यात तलावाची पाळ राखत. पावसाळाभर हातात काठी घेऊन बांधावरून फिरायचं, कुठे झिरपतंय ते बघायचं. लहान कुंता त्यांच्या मागे मागे. पाळीच्या पायथ्याला ओल दिसली की लोक तिथेच माती थापायला धावत. इस्तारी धावत नसत. ओल बोटानं चाचपत, वर वर चढत जात. पाणी वरून कुठून तरी शिरलेलं असतं, ते आतल्या आत वाट काढून पायथ्याला तोंड दाखवतं, हे त्यांनी लेकीला चालता चालता दाखवलं होतं.

"मंग आता इंजनावर काठी घेऊन फिरू?" मनसाराम म्हणाला.

"आंघोळ घाला त्याले आधी. पार मळकं झालं हाय. मळक्या लेकराले कुठी लागलं ते दिसते का?"

हे त्याला पटलं. दोघांनी मिळून इंजनाला आंघोळ घातली. रॉकेलात बुडवलेला बोळा, नारळाची शेंडी आणि कडूनिंबाची काडी, कोपऱ्याकोपऱ्यातून. कुंताचे बारके हात तिथे जात जिथे त्याचे जात नव्हते. वर्षाचं कीट निघालं तेव्हा खाली करड्या लोखंडावर कंपनीनं उठवलेले आकडे दिसले. मनसाराम त्यांच्याकडे असा बघत राहिला, जसा कुणी सोमारीच्या हिरडीत दात शोधतो.

मग कुंता घरात गेली आणि तांदळाच्या पिठीचं मडकं घेऊन आली. सासू मागोमाग.

"ते पिठी कुठी नेतेस? उद्या जाळ्याच्या पूजेले चौक टाकाचा हाय!"

"बाई, चौक इथीच टाकतो आज. मूठभर."

"इंजनाले पिठी? आता हळदकुंकू लाव आन पाळन्यात घाल त्याले!"

कुंतानं जुन्या लुगड्याच्या विरलेल्या तुकड्यात पिठी बांधून पुरचुंडी केली आणि कोरड्या केलेल्या इंजनावर हळूहळू झटकली. फू करून उरलेली उडवली. सगळं इंजन पांढरं झालं. उखळात धान सडणाऱ्या बाईसारखं दिसायला लागलं. मनकर्णाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते पदरात लपवलं.

"आता लावा हँडल," कुंता म्हणाली.

गाडी धडधडली. सोमारी झोळीत जागी झाली आणि पाय झाडू लागली. तिघं बोनेटखाली डोकं घालून उभी राहिली. पिठीवर काही दिसेना. चिलीमभर वेळ गेला. मग इंजनाच्या वरच्या झाकणाच्या कडेला, अगदी माथ्याशी, एक पिवळसर रेघ उमटली. ती ओघळली, कुशीवरून वळली, मागच्या बाजूनं खाली गेली आणि चेंबरच्या कोपऱ्यावर जाऊन लटकली. टप्.

"पाहा!" कुंतानं त्याच्या दंडाला चिमटाच काढला. "पायथ्याले तोंड दाखवते!"

मनसारामनं तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की सासू शेजारी नसती तर कुंताला लाजायला बरं पडलं असतं. पण तेवढ्यात इंजनाच्या कुशीवरच्या लोखंडी पाटीच्या कडेलाही ओल आली. आणि मग तेल मोजायची कांडी जिथे खुपसलेली असते तिथेही. एकदम तीन ठिकाणी. पांढऱ्या पिठीवर तीन तेलकट जिभा.

मनसारामनं गाडी बंद केली आणि चाकाला टेकून खाली बसला.

"झालं. एक जागा असती तं बुजवली असती. तीन जागी फुटते म्हनजे इंजनच गेलं. म्हातारं झालं बिचारं." तो हातातला पाना धुळीत रेघा ओढायला वापरू लागला. "पत्रूले हो म्हनून टाकतो. तुले तिकडून लुगडं आनीन, आलापल्लीचं."

"आलापल्लीले लुगडे पिकतात का?" कुंता म्हणाली. पण आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही. सोमारी रडू लागली म्हणून तिनं तिला झोळीतून काढलं, पदराआड घेऊन पाजलं, मग खांद्यावर टाकलं आणि पाठीवर थोपटत गाडीभोवती फिरू लागली. आता दूध पिऊन झालेलं होतं, ढेकर यायचा होता. थोपटता थोपटता तिची नजर पिठी लागलेल्या इंजनावरच. तेल मोजायची ती कांडी. मघाशी तिनं स्वतः पुसून खालपर्यंत दाबली होती. आता ती दोन बोटं वर आलेली होती.

कुंतानं ती दाबली. "अवो, लावा तं गाडी पुन्यांदा."

"राहू दे वो."

"लावा म्हनतो ना."

गाडी लागली. कांडी थरथरली आणि एखादं लेकरू पांघरुणातून डोकं काढतं तशी हळूच वर आली. कुंतानं दाबली, पुन्हा वर आली. तिनं तेल ओतायच्या तोंडाचं झाकण थोडं सैल केलं. आतून 'हुस्स' करून गरम वाफ आली, पिठी उडाली आणि मनकर्णाबाईंच्या कपाळावर बसली.

"अगं माय! हे तं अंगावर येते!"

"कोनी तरी आतून ढकलून राह्यलं," कुंता म्हणाली. त्याच क्षणी खांद्यावर सोमारीनं भला मोठा ढेकर दिला. कुंता थबकली.

मोहटोल्याच्या तलावाला एका पावसाळ्यात असंच झालं होतं. पाळ एकाच रात्रीत तीन ठिकाणी पाझरायला लागली. गाव घमेली घेऊन धावलं. पाळ सडली, पाळ गेली, म्हणून बायका रडू लागल्या. इस्तारी मात्र उलट्या दिशेला, सांडव्याकडे गेले. तलावाचं जास्तीचं पाणी जिथून वाहून जातं, तिथे कुणी मासे धरायला सापळा लावला होता आणि त्यात झाडोरा अडकून तोंड बुजलं होतं. पाणी जाणार कुठून? ते पाळीलाच धडका देत होतं. इस्तारींनी कमरेइतक्या पाण्यात उतरून सापळा उपसला. दुसऱ्या दिवशी तिन्ही पाझर आपोआप बसले.

कुंता नवऱ्याकडे वळली. "तुमच्या इंजनाचा सांडवा कुठी हाय?"

मनसाराम हसला. "इंजनाले सांडवा? तलाव हाय का ते?" आणि हसता हसताच थांबला. पाना खाली पडला. "...हाय. दमाची नळी. आतली वाफ जिथून बाहेर पडते ते."

"मंग ते कुठी हाय? तिथून तं काईच निघून नाई राह्यलं."

मनसाराम उत्तर द्यायला थांबला नाही. गाडीखाली घुसला. थोड्या वेळानं खालून आवाज आला, पण तो हसण्याचा की रडण्याचा हे कळेना. मग हात बाहेर आला. हातात बाभळीची खुंटी, अंगठ्याएवढी जाड, भोवती घट्ट गुंडाळलेली काळी चिंधी.

"हे काय वो?"

तो बाहेर येऊन बसला. अख्खा काळा. "हे मीच ठोकलं. भादव्यात."

फौजेतली शिकवण होती ती: पाण्यात गाडी घालायची असली तर दमाची नळी आधी बुजवायची, म्हणजे इंजनाच्या पोटात पाणी जात नाही, आणि पलीकडे निघालं की पहिलं काम, खुंटी काढायची. मनसारामनं आसामात हे कितीदा केलं असेल. भादव्यात कुंता बाळंतपणाला माहेरी होती. सकाळी निरोप आला, मुलगी झाली. नाला दुथडी भरलेला. मनसारामनं खुंटी तासली, धोतराचा सोगा फाडून गुंडाळली, नळीत ठोकली आणि बोनेटपर्यंत पाण्यातून गाडी पार केली.

"पलीकडं निंघालो," तो म्हणाला, "आन तुह्या बापाचं घर दिसलं. मंग कायची खुंटी न् कायचं काय."

सोमारीनं हात पुढे करून बापाच्या नाकावरचं तेल घेतलं आणि ते आईच्या गालाला लावलं.

"म्हनजे आठ महिन्यापासून तू त्याचं नाकतोंड दाबून चालवून राह्यला?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "बिचारं! मी त्याले उगाच बोललो." आणि त्यांनी खरोखरच गाडीच्या मडगार्डवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

खुंटी निघाली तरी आठ महिन्यांच्या धडकांनी वरच्या झाकणाचं पॅकिंग सरकून फाटलं होतं. नवं आणायला नागपूरला जावं लागलं असतं. कुंतानं बांगड्यांची पुठ्ठ्याची पेटी रिकामी करून दिली. मनसारामनं पुठ्ठा झाकणाच्या कडेवर धरून हातोडीनं हलके हलके ठोकला. कडेचा ठसा उठला, त्यावरून कुंतानं कात्रीनं कापला, तेलात भिजवला, आणि दोघांनी बसवला. बोल्ट आवळताना तो म्हणाला, "लय नाई, बेतानं. पेटीवर लिवलं हाय, 'नाजूक माल'."

रविवारी दिवस उगवायच्या बेताला जाळं ओढलं. सगळं गाव तलावात. मुखरूभाऊ कमरेइतक्या चिखलात उभे राहून ओरडत होते. मासोळी टोपल्यांत पडली, वर ओला पाला घातला, टोपल्या गाडीत रचल्या. पत्रूचा ट्रक वडाखाली येऊन थांबला होता. पत्रू पाय हलवत बसून सगळं पाहत होता.

"बारा वाजेपर्यंत थांबतो," पत्रूनं हाक मारून सांगितलं. "ठिपके पाह्यत पाह्यत यीन म्हनतो तुले आनाले!"

लोक हसले. मनसाराम नाही हसला. कुंतानं सोमारीचा धुतलेला पांढरा लंगोट आणला आणि चालू गाडीच्या पोटाखाली अंथरला. मुखरूभाऊ उकिडवे बसले. त्यांच्या मागे दहा-बारा माणसं उकिडवी बसली. गाडी घुरघुरत होती. लंगोट पांढरा.

टप्.

कुंता पुढे वाकली. लंगोटावर एक गोल ओला डाग. मुखरूभाऊंनी हात घालून लंगोट ओढला, डागावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. तलावकाठच्या माणसाला हे ओळखायला वेळ लागायला नको होता. त्यांनी मुद्दाम लावला.

"रोहूचं पानी हाय," ते म्हणाले. "टोपलीतलं. जा बेटा."

गाडी गेली. धूळ उडाली आणि बसली. बायका पाण्यातून पाय काढून घरी निघाल्या. कुंता सोमारीला कडेवर घेऊन नागभीडच्या वाटेनं आंब्याच्या झाडापर्यंत गेली. सवयीनं ती खाली बघत होती. ठिपका नाही. पुढच्या वळणापर्यंत गेली, नाही. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही; पण पुरता नाही. आजवर तो कुठे थांबला, कुठे दमला, तिला ठिपक्यांवरून कळायचं. आज वाट कोरी. गाडी पोचली की वाटेत बसली, सांगणारं कुणी नाही.

ती परत येऊन आंब्याखालीच बसली. सोमारीला पाजलं, तिच्या केसांतला पाला काढला, तिला गाडीची गोष्ट सांगितली, मग पुन्हा पहिल्यापासून सांगितली. ऊन डोक्यावर आलं. तिकडे वडाखाली पत्रूनं ट्रकचं दार उघडून धोतर झटकलं, ते तिला इथून दिसलं. तो हँडल हातात घेऊन ट्रकच्या पुढे गेला.

सोमारी मांडीवर पेंगत होती. एकाएकी तिचे पाय हलले. आधी एक, मग दोन्ही. कुंतानं कान दिला. तिला तर काहीच ऐकू येत नव्हतं. पानं, कावळे, पत्रूच्या हँडलची खडखड. पण सोमारी आता पाय असे झाडत होती की तिला धरणं कठीण झालं.

"खरं म्हनतेस?" कुंतानं तिला विचारलं.

मग तिलाही ऐकू आलं. वळणावरून गाडी आली, रिकाम्या टोपल्या खडखडत, हॉर्न दाबूनच धरलेला. आरशाच्या दांडीला काळ्या दोऱ्यानं बांधलेली बाभळीची खुंटी हेलकावे खात होती. मनसारामनं आंब्याखाली गाडी थांबवली आणि खिडकीतून डोकं काढलं.

"छोट्या गाडीच्या आधी पोचलो! स्टेशनवाला म्हने, आज काऊन इतक्या लवकर? चाल, बस. भूक लागली हाय." मग त्यानं वडाकडे बघितलं. "पत्रूभाऊ अजून बसला हाय का? त्याले जेवाले बोलाव. पन भाजी करपवू नको, तो पाहुना हाय."

कुंता लेकीला घेऊन त्याच्या शेजारी चढून बसली. गाडी निघाली तेव्हा तिनं मागे वळून, गाडी उभी होती ती जागा बघितली. धूळ होती नुसती, आणि सोमारीच्या तोंडातून पडलेलं आंब्याचं पान.